अस्थिजनक पेशी आणि प्रथिनांची साक्ष

इ. स. १७३६ च्या सुमारास लंडन शहरांतील गाईज इस्पितळाचा शस्त्रवैद्य जॉन बेल्चिअर हा एका छिटें छापणाऱ्या कारखानदाराच्या घरीं जेवावयास गेला होता. ताटांत आलेल्या डुकराच्या मांसांतील हाडें त्यास लालभडक दिसलीं. मांस मात्र नेहमीच्याच रंगाचें होतें. चौकशी करतां असें कळलें कीं, कापड रंगविण्यास मंजिष्ठेची मुळी वापरीत आणि रंगलेलें कापड उजळण्यासाठीं तें कोंड्याबरोबर उकळीत. तो लाल झालेला कोंडा वायां जाऊं नये म्हणून डुकरांस चारीत. बेल्चिअरनें मग एका कोंबड्यास मुद्दाम ही मुळी चारून पाहिली. त्याचींही हाडें लाल निघालीं. हा वृत्तांत त्यानें रॉयल सोसायटीस कळविला, व तो त्याच सालीं छापला गेला. आपल्याकडे वैद्यांच्या बटव्यांत जी मंजिष्ठा असते तिची ही युरोपांतील सख्खी बहीण होय.

हाड म्हणजे शरीरांतील दगड, एकदां बनलें कीं बनलें, अशी त्या काळीं सर्वसाधारण समजूत होती. आणि सुशिक्षित घरांतूनही ती अद्याप पुरती गेलेली नाहीं. या लाल रंगानें तीस मोठा धक्का दिला. मंजिष्ठेंतील अलिझारिन हें रंगद्रव्य नव्यानें सांठत असलेल्या चुन्याशीं संयोग पावतें; जुन्या, पक्क्या झालेल्या भागास तें जवळजवळ शिवत नाहीं. अर्थात् जेथें रंग चढला तेथें त्या दिवसांत हाड बनत होतें, हें उघड झालें. अन्नांतून खूण पाठवावयाची आणि ती शरीरांत कोठें जाऊन बसते तें पाहावयाचें, अशी ही युक्ति होती. पावणेतीनशें वर्षांच्या आंत तीच युक्ति अगदीं निराळ्या वेषांत परत यावयाची होती. परंतु तो भाग पुढें येईल.

या युक्तीचा खरा उपयोग फ्रान्समधील द्युआमेल द्यू मोन्सो यानें केला. हा गृहस्थ मूळचा वनस्पतींचा अभ्यासक व फ्रेंच आरमाराचा निरीक्षक. जहाजांच्या लांकडाशीं त्याचा नित्य संबंध. १७३९ ते १७४३ या सालांत त्यानें पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें हाडांवर निबंध वाचले. जनावरांस कांहीं दिवस मंजिष्ठा, नंतर कांहीं दिवस साधें अन्न, पुन्हां मंजिष्ठा, असा क्रम ठेवून त्यानें त्यांचीं हाडें आडवीं कापलीं, तों एकाआड एक लाल व पांढरीं वलयें दिसलीं. झाडाच्या बुंध्यांत वर्षावर्षाचीं वलयें दिसतात, तसाच हा देखावा होता. लहान जनावराच्या हाडाभोंवतीं त्यानें चांदीची तार गुंडाळली. कांहीं काळानें पाहतां तार हाडाच्या पोटांत गेलेली होती. झाडाची अंतर्साल जशी लांकूड घालते, तसें हाडावरील आवरणच हाड घालतें, असा निष्कर्ष त्यानें काढला. अल्ब्रेख्त फॉन हालर या मोठ्या पंडितास हें मान्य नव्हतें. रक्तवाहिन्यांतून पाझरणारा रस थिजून हाड होतें, असें त्याचें म्हणणें. वाद पुष्कळ चालला आणि मिटला नाहीं. मिटणार तरी कसा? हाड घालणारा कारागीर दोघांपैकीं कोणासच दिसलेला नव्हता.

तो दिसावयास सूक्ष्मदर्शक सुधारावा लागला व सर्व प्राणिशरीर पेशींचें बनलेलें आहे हें श्वानचें मत १८३९ नंतर रूढ व्हावें लागलें. १८६४ सालीं जर्मनींतील येना येथील शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल गेगेनबाउर यानें वाढत्या हाडाच्या पृष्ठभागावर ओळीनें बसलेल्या पेशींस 'ऑस्टिओब्लास्ट' हें नांव दिलें. मराठींत त्यांस अस्थिजनक पेशी म्हणूं. गवंड्यांची रांग भिंतीवर काम करीत असावी, तशा या पेशी आपल्यासमोर हाडाचें द्रव्य रचीत असतात. आणि त्यांतील कांहीं भिंत रचतां रचतां आपणच तींत चिणल्या जाऊन आयुष्यभर तेथें राहतात.

पण गवंडी जन्मतः गवंडी नसतो. मज्जेंत व हाडाच्या आवरणांत ज्या साध्या, अविकसित पेशी असतात त्यांतल्याच कांहीं पुढें अस्थिजनक होतात. त्यांच्याच जातभाई कूर्चा बनवितात किंवा चरबी सांठविणाऱ्या होतात. निर्णय होण्याच्या घटकेस या साऱ्या सूक्ष्मदर्शकाखालीं सारख्याच दिसतात. सूक्ष्मदर्शकाची थोरवी कोणी नाकारणार नाहीं. परंतु तो रूप दाखवितो, हेतु दाखवीत नाहीं. पेशी काय होऊं घातली आहे हें कळण्यास ती कोणतीं द्रव्यें तयार करते हेंच पाहावें लागतें, आणि पेशीचें बहुतेक सर्व काम प्रथिनांच्या द्वारें चालतें. तेव्हां येथून पुढें हा इतिहास शरीररचनाशास्त्रज्ञांच्या हातून रसायनशास्त्रज्ञांच्या हातीं गेला.

पहिली साक्ष एका एंझाइमनें दिली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रॉबर्ट रॉबिसन हे यीस्टच्या आंबण्यांत निर्माण होणाऱ्या साखरेच्या फॉस्फेट-संयुगांचा अभ्यास करीत होते. वाढत्या जनावरांच्या कूर्चेंत व हाडांत त्या संयुगांतून फॉस्फेट सुटें करणारें एक एंझाइम भरपूर आहे, असें त्यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध केलें. मुडदूस झालेल्या उंदरांचीं हाडें योग्य द्रावणांत ठेवलीं तर त्यांत चुना सांठूं लागतो, हेंही त्यांनीं दाखविलें. पुढें केंब्रिजमध्यें ऑनर फेल या विदुषीच्या सहकार्यानें त्यांनीं कोंबडीच्या गर्भांतील अंगांचे तुकडे शरीराबाहेर कांचपात्रांत वाढविले. जी कूर्चा पुढें हाड होणारी, तींत हें एंझाइम आपोआप उत्पन्न होई. जी कूर्चाच राहणार, तींत होत नसे. आज 'अल्कलाइन फॉस्फटेज' या नांवानें रक्ताच्या तपासणींत जें मोजतात तें हेंच. पेशीच्या पोटांतील एका प्रथिनावरून तिचें भविष्य ओळखतां येतें, ही गोष्ट येथें प्रथम स्पष्टपणें हातीं लागली, आणि तिचें श्रेय रॉबिसन यांस जितकें मिळावयास हवें तितकें मिळालेलें नाहीं.

भविष्य ओळखणें एक आणि तें घडविणारी आज्ञा सांपडणें निराळें. ती आज्ञा १९६५ सालीं अकल्पित ठिकाणीं सांपडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेंतील अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनीं हाडाचे तुकडे हायड्रोक्लोरिक अम्लांत ठेवून त्यांतील सर्व चुना काढून टाकला. मागें राहिला तो लवचिक, रबरासारखा, निर्जीव सांगाडा. तो त्यांनीं सशांच्या व इतर प्राण्यांच्या स्नायूंत पुरला. स्नायूंत हाड होण्याचें कांहींच कारण नाहीं. तरी कांहीं आठवड्यांनीं त्या जागीं नवें, जिवंत, मज्जेनें भरलेलें हाड तयार झालेलें आढळलें. पुरलेल्या तुकड्यांत जिवंत पेशी एकही नव्हती. म्हणजे यजमान प्राण्याच्याच साध्या पेशींस त्या निर्जीव द्रव्यानें अस्थिजनक होण्यास भाग पाडलें होतें. असे चुना काढलेले हाडाचे तुकडे शिकागोच्या निकोलस सेन यानें १८८९ सालींच रुग्णांच्या हाडांतील पोकळ्या भरण्यास वापरले होते. पण त्यांतील मर्म उलगडण्यास आणखी पाऊणशें वर्षें लागलीं. चुन्याआड लपलेलें हें द्रव्य प्रथिन असलें पाहिजे असें अनुमान करून युरिस्ट यांनीं १९७१ सालीं त्यास 'बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन' असें नांव दिलें. त्याची 'बीएमपी' ही आद्याक्षरी पुढें जगभर रूढ झाली. नांव ठेवलें खरें, परंतु तें प्रथिन कोणाच्या बाटलींत अद्याप आलेलें नव्हतें.

येथें एका भारतीय नांवाचा प्रवेश होतो. दिल्ली विद्यापीठांतून डॉक्टरेट घेतलेले हरी रेड्डी हे शिकागो येथें चार्ल्स हगिन्स यांच्या प्रयोगशाळेंत गेले. हगिन्स यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें कर्करोगावरील संशोधनाबद्दल. पण शरीरांत भलत्या ठिकाणीं हाड कसें उत्पन्न होतें हें कोडें त्यांच्या मनांत १९३१ पासून घोळत होतें. दोघांनीं चुना काढलेल्या हाडाची भुकटी तरुण उंदरांच्या कातड्याखालीं ठेवून दिवसांमागून दिवस काय घडतें याची रासायनिक रोजनिशीच ठेवली व ती १९७२ सालीं प्रसिद्ध केली. सुमारें आठवडाभरांत कूर्चा, दुसऱ्या आठवड्यांत हाड, तिसऱ्याच्या अखेरीस मज्जा. आणि या सर्व काळांत फॉस्फटेजचें मान कसें चढतें व उतरतें याचा हिशेब. गर्भांत जें घडतें तेंच नाटक येथें प्रौढ उंदराच्या कातड्याखालीं पुन्हां रंगत होतें.

त्यानंतरची पायरी विशेष बोधप्रद आहे. रेड्डी आणि त्यांचे सहकारी कुबेर संपत् यांनीं अमेरिकेंतील बेथेस्डा येथें या भुकटींतील विरघळण्याजोगीं प्रथिनें ग्वानिडीनसारख्या तीव्र द्रावणांनीं धुऊन काढलीं. अवशेष राहिला तो मुख्यतः कोलॅजेनचा. तो अवशेष एकटा पुरला, तर हाड झालें नाहीं. धुऊन काढलेलें द्रव्य एकटें घातलें, तरीही झालें नाहीं. मग दोन्ही पुन्हां एकत्र करून पुरलीं, तेव्हां हाड झालें. १९८१ सालच्या या प्रयोगानें दोन गोष्टी एकदम सिद्ध झाल्या. आज्ञा देणारें प्रथिन वेगळें काढतां येतें. परंतु तें टिकून राहावयास व पेशींपर्यंत नीट पोंचावयास त्यास आधारवस्त्र लागतें. शिवाय शुद्धीकरण करणाऱ्यांच्या हातीं एक तराजू आला. कोणताही अंश घ्यावा, कोलॅजेनवर चढवावा, उंदरांत ठेवावा, आणि हाड झालें कीं नाहीं तें पाहावें. तराजू मंद होता, एका वजनास दोन-तीन आठवडे लागत. पण तो खोटें बोलत नव्हता.

हाडांत हें प्रथिन अत्यल्प असतें. किलोभर हाडांत मायक्रोग्रॅमच्या मापाचें. अमेरिकेंतील केंब्रिज शहरीं जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या संस्थेंत एलिझाबेथ वांग, जॉन वोझ्नी, विकी रोझेन प्रभृतींनीं गाईबैलांच्या हाडांपासून सुरुवात करून ३,००,००० पटींहून अधिक शुद्धीकरण साधलें. हातीं आलेल्या कणभर प्रथिनाचे ट्रिप्सिन या एंझाइमनें तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यांतील अमिनो अम्लांचा अनुक्रम वाचला. प्रथिनाचीं अमिनो अम्लें एका टोंकापासून एकेक सोडवून वाचण्याची कृति स्वीडनच्या पेर एडमन यांनीं १९५० सालीं दिली होती. तिच्यावांचून हें काम झालें नसतें. त्या अनुक्रमांवरून मानवी जनुकें शोधून १९८८ सालीं तीन प्रथिनें जाहीर झालीं व त्यांस बीएमपी-१, २ व ३ असे क्रमांक मिळाले. नामकरणाची घाई नडली ती अशी कीं, बीएमपी-१ हें त्या कुटुंबांतलें नव्हेच. कोलॅजेनचें अपक्व टोंक छाटणारें तें एक एंझाइम आहे, असें १९९६ सालीं ठरलें. नांव मात्र अजून तेंच चालतें.

दुसऱ्या क्रमांकाच्या प्रथिनाचा अनुक्रम पाहतां एक विलक्षण नातें उघडकीस आलें. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटासारख्या ड्रोसोफिला माशीच्या अंगाची घडण ठरविणाऱ्या एका प्रथिनाशीं त्याचें साम्य होतें. माशीस हाड नाहीं. तरीही संपत् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माशीचें तें प्रथिन कोलॅजेनवर चढवून उंदरांच्या कातड्याखालीं ठेवलें, तेव्हां तेथें हाड तयार झालें. हा वृत्तांत १९९३ चा आहे. आज्ञेंत 'हाड कर' असे शब्द नसतात, तर 'घडण बदल' एवढाच इशारा असतो, आणि त्याचा अर्थ ऐकणारी पेशी आपल्या कुवतीप्रमाणें लावते, असें यावरून म्हणावें लागतें.

तेव्हां खरा प्रश्न ऐकणाऱ्या पेशीच्या आंत काय घडतें हा उरला. १९७० च्या दशकांत हाडांतूनच ऑस्टिओकॅल्सिन हें छोटें प्रथिन मिळालें होतें. वासराच्या हाडांतील या प्रथिनांत अवघीं ४९ अमिनो अम्लें. १९९० सालीं जेन लिआन, गॅरी स्टाइन इत्यादिकांनीं उंदराच्या कवटीच्या पेशी पात्रांत वाढवून त्यांच्या आयुष्याचे तीन कालखंड पाडले. प्रथम पेशी संख्येनें वाढतात व कोलॅजेन घालतात. मग वाढ थांबून फॉस्फटेज चढतें. शेवटीं चुना बसूं लागतो तेव्हां ऑस्टिओकॅल्सिन प्रकट होतें. बाल्य, तारुण्य, प्रौढपण ओळखण्याच्या या खुणा झाल्या. मात्र खूण म्हणजे कारण नव्हे. ज्या उंदरांत ऑस्टिओकॅल्सिनच नाहीं असे उंदीर १९९६ सालीं तयार केले, तेव्हां हाड कमी होण्याऐवजीं वाढलेलें दिसलें! उलट १९९७ सालीं जपानच्या तोशिहिसा कोमोरी प्रभृतींनीं 'रन्क्स-२' या नांवानें आज ओळखलें जाणारें, जनुकांस चालना देणारें प्रथिन उंदरांतून नाहींसें केलें, तों त्यांचा सर्व सांगाडा कूर्चेचाच राहिला. अस्थिजनक पेशी झाल्याच नाहींत, आणि पिलें जन्मतःच श्वास कोंडून मेलीं. माणसांत याच जनुकाच्या दोन प्रतींपैकीं एक बिघडली तर गळ्याची हांसळी अपुरी राहते किंवा नसतेच.

आतांपर्यंत एकेका प्रथिनाची चौकशी चालली होती. परंतु पेशींत हजारों प्रथिनें असतात, आणि सर्वांची हजेरी एकदम घेतां आल्यावांचून निकाल लागेना. १९७५ सालीं पॅट्रिक ओफॅरेल यांनीं प्रथिनांचें मिश्रण एका दिशेनें विद्युत्-भारानुसार व दुसऱ्या दिशेनें आकारानुसार पसरविण्याची रीत काढली व एका जंतूच्या पेशींतील १,१०० प्रथिनें ठिपक्यांच्या रूपानें वेगळीं दाखविलीं. प्रथिनासारखे मोठे नाजूक रेणू न मोडतां हवेंत उडवून त्यांचें वजन करण्याच्या रीती १९८० च्या दशकांत कोइचि तानाका व जॉन फेन यांनीं दिल्या. दोघांसही २००२ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. पेशींतील सर्व प्रथिनांच्या समुदायास 'प्रोटिओम' हा शब्द मार्क विल्किन्स या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्यानें १९९४ सालीं वापरात आणला.

आणि आतां ती मंजिष्ठेची युक्ति परत येते. डेन्मार्कमधील ओडेन्से येथें माथियास मान यांच्या प्रयोगशाळेंत पेशींस नेहमीच्या अमिनो अम्लाऐवजीं तेंच, पण किंचित् जड अणूंचें बनविलेलें अमिनो अम्ल खाऊं घालण्याची पद्धति निघाली. ती २००२ सालीं प्रसिद्ध झाली. असें अन्न खाल्लेल्या पेशींचें प्रत्येक प्रथिन थोडें जड होतें. रंग नाहीं, रूप नाहीं, फक्त वजनाची खूण. १७३६ सालीं डुकराच्या हाडांवर जें काम लाल रंगानें केलें, तें येथें वजनानें केलें. तीन वर्षांनीं, २००५ सालीं, इरिना क्राचमारोवा, ब्लागोय ब्लागोएव्ह व इतरांनीं ही पद्धति मानवी मज्जेंतील अविकसित पेशींस लावली. दोन वाढ-प्रेरक प्रथिनांचें एक कोडें त्यांच्यापुढें होतें. ईजीएफ नांवाचें प्रथिन दिलें असतां या पेशी हाडाच्या मार्गास लागत. पीडीजीएफ दिलें असतां लागत नसत. दोन्ही प्रथिनें पेशीच्या दारावर जवळपास सारख्याच रीतीनें थाप मारतात. मग फरक कोठें?

त्यांनीं पेशींचे तीन गट केले. एकास हलकें, दुसऱ्यास जड, तिसऱ्यास त्याहून जड अन्न. पहिल्या गटास कांहींच प्रेरक दिलें नाहीं, इतर दोहोंस एकेक दिलें. मग तिन्ही एकत्र मिसळून, इशारा मिळतांच ज्यांवर फॉस्फेटची मोहोर उमटते तेवढींच प्रथिनें वेंचून वजनयंत्रांत घातलीं. वजनावरून कोणतें प्रथिन कोणत्या गटांतून किती आलें हें सरळ वाचतां आलें. ९० टक्क्यांहून अधिक प्रथिनें दोन्ही प्रेरकांनीं सारखींच जागीं केलीं होतीं. फरक राहिला तो एका फांट्याचा. 'पीआय-३ कायनेज' या एंझाइमचा मार्ग एकट्या पीडीजीएफनेंच उघडला होता. कदाचित् हीच वाट पेशीस हाडाकडे जाऊं देत नसेल, असें समजून त्यांनीं औषधानें ती बंद केली. आणि पीडीजीएफ दिलेल्या पेशीही हाडाच्या मार्गास लागल्या. नुसती यादी करून न थांबतां यादीनें सुचविलेली गोष्ट करून पाहणें, हें या कामाचें वैशिष्ट्य होय. प्रथिनांच्या लांबलचक याद्या छापून थांबणारे निबंध पुढें पुष्कळ झाले. त्यांत असें धैर्य क्वचित् आढळतें.

या सर्व उद्योगाचें महत्त्व रुग्णशय्येपाशीं कळतें. बीएमपी-२ हें कोलॅजेनच्या स्पंजावर शिंपडून पाठीच्या कण्यांतील मणके सांधण्यास वापरण्याची परवानगी अमेरिकेंत २००२ सालीं मिळाली. ज्यांचें हाड सांधतां सांधत नाहीं त्यांस हें वरदानच; परंतु शरीर ज्या द्रव्याचे मायक्रोग्रॅम बाळगतें त्याचे मिलिग्रॅम ओतावे लागतात. मानेच्या मणक्यांत तें वापरल्यानें घशाशीं सूज येऊन श्वास अडल्याच्या तक्रारी आल्या, आणि २००८ सालीं अमेरिकन औषध-प्रशासनास तसा इशारा काढावा लागला.

याहून दारुण उदाहरण एका दुर्मिळ जन्मजात रोगाचें आहे. त्यांत मुलाचे पायाचे आंगठे जन्मतः वेडेवांकडे असतात. पुढें लहानसा मार लागला, सुई टोंचली, तरी स्नायूचें हाड होऊं लागतें व हळूहळू सारें शरीर जखडून जातें. या रोगानें १९७३ सालीं वारलेल्या हॅरी ईस्टलॅक यानें आपला सांगाडा अभ्यासासाठीं देऊन ठेवला होता. फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयांत तो आहे. इतर सांगाडे तारांनीं जोडून उभे करावे लागतात. त्याचा जवळजवळ आपल्याच आधारावर उभा राहतो. त्याच शहरांतील आयलीन शोर व फ्रेडरिक कॅप्लन यांनीं २००६ सालीं रोगाचें मूळ शोधलें. बीएमपीची आज्ञा ऐकणारें पेशीवरील जें प्रथिन, त्याच्या २०६ व्या स्थानीं एका अमिनो अम्लाऐवजीं दुसरें बसलेलें असतें. (प्रौढ माणसाचीं हाडेंही २०६, हा निव्वळ योगायोग.) २०१५ सालीं असें दिसून आलें कीं, अॅक्टिव्हिन-ए नांवाचें दुसरेंच प्रथिन, जें एरव्हीं या ठिकाणीं हाडाची आज्ञा देत नाहीं, त्यासच हें बिघडलेलें प्रथिन आज्ञा समजून चालतें. पॅलोव्हॅरोटीन हें या रोगावरील औषध अमेरिकेंत २०२३ सालीं मान्य झालें. नको तेथें होणारें हाड तें कांहीं अंशीं आवरतें; पण मुलांच्या हाडांच्या टोंकांशीं असलेल्या वाढीच्या कूर्चाही त्यानें अकालीं मिटूं शकतात. म्हणून आठ वर्षांखालील मुलींस व दहा वर्षांखालील मुलांस तें देण्याची तेथें परवानगी नाहीं.